गाड्या ११ लाख, तरी कारखाना रिकामा: ऑस्ट्रेलियाचा मोटार उद्योग का संपला

ऑस्ट्रेलियात वर्षाला ११ लाखांच्या वर नव्या गाड्या विकल्या जातात. पावणेतीन कोटींच्या आसपास लोकवस्ती असलेल्या देशासाठी हा आकडा मोठा आहे. लोकांच्या हातात पैसा आहे, अंतरे लांब आहेत आणि गाडीशिवाय तिथे पानही हलत नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियमचे खनिज जमिनीतून अमाप निघते. शिकलेले इंजिनिअर आणि तरबेज कामगार आहेत, गाड्या बनवण्याचा पाऊणशे वर्षांचा अनुभवही होता. तरीही आज मुंबई किंवा पुण्यातून तिथे गेलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाच्या दारात उभी असलेली नवी गाडी थायलंड, जपान, कोरिया, चीन नाहीतर आणखी कुठल्या तरी देशातून बोटीने आलेली असते.

ऑक्टोबर २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या एका वर्षात तीन कंपन्यांचे दिवे मालवले. ७ ऑक्टोबर २०१६ ला मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजमध्ये फोर्डची शेवटची फाल्कन बाहेर पडली. ३ ऑक्टोबर २०१७ ला आल्टोनामध्ये टोयोटाची लाइन थांबली. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला, ॲडलेडच्या एलिझाबेथ उपनगरात जनरल मोटर्सच्या होल्डन या कंपनीची शेवटची कमोडोर तयार झाली.

असे का झाले, हे विचारले की प्रत्येक जण आपल्या आवडीच्या आरोपीकडे बोट दाखवतो. उजवे म्हणतात, युनियनने पगार वाढवून ठेवले. डावे म्हणतात, सरकारने हात आखडता घेतला. कुणी आयात शुल्क कमी केल्याला दोष देतो, कुणी थायलंडला. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण यांपैकी एकट्याने कुणीच हा उद्योग मारला नाही. हे समजून घ्यायचे तर आधी गाडीच्या कारखान्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही, फक्त सहसा कुणी सांगत नाही.

पहिली गाडी विकण्याआधीचा खर्च

लग्नपत्रिका छापायला दिल्या की छापखानेवाला सांगतो, ५० छापा नाहीतर ५००, मजकूर लावण्याचे पैसे तेवढेच. गाडीचेही तसेच आहे, फक्त इथे तो सुरुवातीचा खर्च अब्जांत असतो.

नवे मॉडेल आणायचे म्हणजे काय काय लागते? आराखडा, इंजिनची जुळवणी, धडक-चाचण्या, रस्त्यावरच्या चाचण्या. मग प्रेस शॉपसाठी, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागासाठी, डाय, म्हणजे साचे. एक साधा दरवाजाचा पत्रा घ्या. तो एका दाबात तयार होत नाही. ओढणे, कापणे, कडा वळवणे, भोके पाडणे अशा टप्प्यांना वेगवेगळ्या डाय लागतात आणि त्या त्याच मॉडेलच्या कामाच्या असतात. शिवाय वेल्डिंगसाठी भाग जागेवर धरणारे जिग-फिक्श्चर आणि रोबोंची नवी मांडणी लागते, डॅशबोर्डचे आणि दिव्यांचे साचे लागतात, आणि हे सगळे सुटे भाग पुरवणाऱ्या प्रत्येक व्हेंडरकडे वेगळे. भोसरी-चाकणच्या टूल रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, एका डायमध्ये किती महिने आणि किती पैसा जातो ते.

होल्डनने २००६ मध्ये व्हीई कमोडोर आणली. चाकापासून छतापर्यंत ऑस्ट्रेलियात आखलेली ती पहिली कमोडोर. तिच्यावर सुमारे १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. आता समजा अशी गाडी वर्षाला ५० हजार खपली आणि मॉडेल ७ वर्षे चालले. एकूण साडेतीन लाख गाड्या. म्हणजे नुसता विकासाचा खर्चच प्रत्येक गाडीवर २,८०० डॉलरच्या वर बसतो. तोच खर्च वर्षाला ३ लाख गाड्यांवर वाटला तर प्रत्येकीवर ५०० डॉलरसुद्धा येत नाहीत. सर्वसाधारण गाडीत कंपनीला सुटणारा नफा काही टक्क्यांचा असतो. या दोन आकड्यांतले अंतरच तो नफा गिळून टाकते. यात कामगाराच्या पगाराचा एक पैसाही अजून धरलेला नाही.

ऑस्ट्रेलिया सरकारला आर्थिक धोरणावर सल्ला देणाऱ्या उत्पादकता आयोगाने २०१४ च्या अहवालात हेच मांडले. एका कारखान्यातून वर्षाला २ ते ३ लाख गाड्या निघाल्या तरच तो जगाच्या बाजारात टिकतो. ऑस्ट्रेलियातला कोणताही कारखाना शेवटच्या वर्षांत याच्या जवळपासही नव्हता. टोयोटा लाखाच्या आसपास, होल्डन त्याहून कमी, फोर्ड त्याहूनही बरीच खाली.

याची उलटी बाजूही बघण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात मोटारी बनत नाहीत, पण मोठे ट्रक अजून बनतात. मेलबर्नजवळ बेझवॉटरला केनवर्थचा कारखाना १९७१ पासून चालू आहे, ब्रिस्बेनजवळ वॅकोलला व्हॉल्व्होचा. पगार तेच, युनियन तीच, डॉलरही तोच. मग हे कसे तगले? कारण मोठा ट्रक जगभर कमी संख्येनेच बनतो, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बराचसा हाताने जुळवला जातो, आणि ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर तीन-तीन ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांची गरजच वेगळी आहे. तिथे डायचा खर्च लाखो नगांवर वाटावा लागत नाही. महागड्या पगारामुळेच मोटारी गेल्या, असे म्हणणाऱ्यांनी या ट्रकांकडे जरूर पाहावे.

भिंतीच्या आतले सुगीचे दिवस

होल्डन मुळात घोड्यांच्या खोगिरांचा धंदा. १८५६ मध्ये ॲडलेडला सुरू झाला. पुढे बग्ग्या, मग मोटारींच्या बॉड्या, आणि १९३१ मध्ये जनरल मोटर्सने तो ताब्यात घेतला. फोर्डने १९२५ मध्ये जिलाँगला बस्तान बसवले. तिथल्याच ल्युइस बँड्ट या तरुण डिझायनरने १९३४ मध्ये पुढे मोटार आणि मागे सामानाचा हौदा अशी 'यूट' तयार केली. एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली होती, असे सांगतात. २९ नोव्हेंबर १९४८ ला पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते पहिली होल्डन रस्त्यावर आली आणि दहा वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी चारेक होल्डन असायच्या.

हे सगळे उंच भिंतीच्या आत चालले होते. आयात शुल्क जबर होते, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तर बाजाराचा ८० टक्के वाटा देशी कारखान्यांसाठी राखून ठेवलेला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास आयात शुल्क ५७.५ टक्के होते. बाहेरची गाडी जवळजवळ दीडपटीहून महाग पडायची.

भिंतीचा एक दुष्परिणाम लगेच दिसत नाही. बाहेरून गाडी आणता येत नाही म्हटल्यावर प्रत्येक परदेशी कंपनी आत येऊन कारखाना टाकते. ऑस्ट्रेलियात फोर्ड, होल्डन, टोयोटा, निसान, आणि क्रायस्लरचा कारखाना घेतलेली मित्सुबिशी अशा पाच कंपन्या मिळून १३ मॉडेले बनवत होत्या. एक ना धड भाराभर चिंध्या. संरक्षणाने उद्योग उभा केला हे खरे, पण त्याच संरक्षणाने तो इतक्या तुकड्यांत वाटला की कुणाचेच गणित नीट बसेना. छोट्या देशांत हे पुन्हा पुन्हा घडलेले आहे.

१९८३ मध्ये उद्योगमंत्री झालेले सिनेटर जॉन बटन यांना हे दिसत होते. त्यांनी आखलेल्या योजनेचे सूत्र स्पष्ट होते: शुल्क हळूहळू उतरवायचे, कंपन्या तीनवर आणि मॉडेले सहावर आणायची, म्हणजे प्रत्येक मॉडेलमागची संख्या वाढेल. विचार अचूक होता असे मला वाटते. अंमलबजावणीत मात्र कंपन्यांनी पळवाट काढली. मॉडेले कमी करण्याऐवजी त्यांनी एकमेकांच्या गाड्यांवर आपापली नावे लावली. होल्डनची कमोडोर टोयोटाच्या दुकानात 'लेक्सन' नावाने आली. हे नाव अमेरिका कप जिंकणाऱ्या शर्यतीच्या नौकेचा आराखडा करणाऱ्या बेन लेक्सन यांच्यावरून घेतले होते. टोयोटाची कोरोला होल्डनच्या दुकानात 'नोव्हा' झाली. गिऱ्हाइकाने हा प्रकार ओळखला आणि मूळ गाडीच घेतली. १९९२ मध्ये निसानने क्लेटनचा कारखाना बंद केला. मित्सुबिशी २००८ पर्यंत तग धरून होती.

शुल्क मात्र ठरल्याप्रमाणे उतरत गेले. २००० मध्ये १५ टक्के, २००५ मध्ये १०, २०१० मध्ये ५.

न्यूझीलंडमध्ये हाच प्रवास याहून झटपट झाला. तिथे सुट्या भागांचे किट परदेशातून आणून जुळणी व्हायची. जपानमधून वापरलेल्या स्वस्त गाड्या येऊ लागल्या आणि त्या धंद्याची हवा गेली. १९९८ मध्ये सरकारने शुल्क शून्यावर आणले, आणि त्याच वर्षात टोयोटा, होंडा, निसान, मित्सुबिशी असे उरलेसुरले सगळे जुळणी कारखाने बंद झाले.

एकाच वेळी चार बाजूंनी

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियात ४ लाखांवर गाड्या बनल्या. म्हणजे शुल्क १५ टक्क्यांवर येऊनही उद्योग जिवंत होता. शुल्क कमी केले म्हणून कारखाने गेले हे म्हणणे इथेच अपुरे पडते. नऊ वर्षांनी, २०१३ मध्ये, हा आकडा सव्वादोन लाखांच्याही आत आला. मधल्या काळात काय झाले?

सगळ्यात मोठा घाव चलनाचा होता. चीनला लोखंडाचे खनिज आणि कोळसा हवा होता, ऑस्ट्रेलिया तो विकत होता, आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियन डॉलर फुगत गेला. २००१ मध्ये त्याची किंमत साधारण ५० अमेरिकन सेंट होती. २०११ मध्ये ती ११० सेंटपर्यंत गेली. कारखान्यात काहीही न बदलता याचा अर्थ काय होतो पाहा. ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची गाडी परदेशी गिऱ्हाइकाला आधी १५ हजार अमेरिकन डॉलरना पडायची, ती आता ३३ हजारांना पडू लागली. गाडी तीच, कामगार तोच, पगार तोच. फोर्ड ऑस्ट्रेलियाच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये सांगितले की आमचा खर्च युरोपच्या दुप्पट आणि आशियातल्या फोर्डच्या जवळपास चौपट आहे. त्या वाक्यावरून कामगारांना फार ऐकून घ्यावे लागले. पण त्या दुप्पट-चौपटीत पिलबारा भागातल्या लोखंडाच्या खाणींचा वाटा किती मोठा होता, हे सांगणारे थोडे होते. एका उद्योगाची भरभराट दुसऱ्याच्या मुळावर कशी येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

दुसरा घाव कराराचा. १ जानेवारी २००५ पासून थायलंडशी मुक्त व्यापार करार लागू झाला. थायलंडमध्ये बनलेले पिकअप ऑस्ट्रेलियात शुल्काविना येऊ लागले. उलट दिशेने फोर्डची ऑस्ट्रेलियात बनणारी टेरिटरी ही गाडी थायलंडला जायला हवी होती. तिच्यावर सीमाशुल्क नव्हते, पण थायलंडमध्ये मोठ्या इंजिनाच्या गाडीवर भारी अबकारी कर होता. कागदावर दार दोन्हीकडून उघडे, प्रत्यक्षात वाहतूक एकाच बाजूने. ऑस्ट्रेलियाच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी हे आधी पाहायला हवे होते. आपल्याकडे मुक्त व्यापार करारांच्या बातम्या वाचताना सीमाशुल्कापलीकडचे कर कुणी मोजले का, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

तिसरा घाव घरच्या गिऱ्हाइकाचा. १९९६ ते २०१० अशी सलग १५ वर्षे कमोडोर ही ऑस्ट्रेलियातली सर्वाधिक खपाची गाडी होती. पण पेट्रोल महागले, कुटुंबे लहान झाली, आणि सहा सिलिंडरची लांबलचक सेडान मागे पडून छोट्या हॅचबॅक, एसयूव्ही आणि डिझेलवरचे पिकअप पुढे आले. बाजारात साठच्या वर ब्रँड होते. ११ लाख गाड्यांचा तो बाजार इतक्या फोडींत कापला गेला होता की सगळ्यात मोठी फोडसुद्धा एक कारखाना भरायला पुरी पडत नव्हती. फाल्कन आणि कमोडोर बऱ्याच अंशी सरकारी आणि कंपन्यांच्या ताफ्यांच्या खरेदीवर उभ्या होत्या, तेही हळूहळू दुसरीकडे वळले.

चौथा घाव सगळ्यात जिव्हारी लागणारा, कारण तो नशिबाचा होता. घरचा बाजार पुरत नाही हे होल्डनला कळले होते. त्यांनी निर्यातीचा मार्ग धरला. त्यांची मोनारो ही गाडी अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या पाँटिॲक या ब्रँडखाली, पाँटिॲक जीटीओ म्हणून २००४ ते २००६ मध्ये ४० हजारांच्या आसपास विकली गेली. २००८ पासून कमोडोर पाँटिॲक जी८ म्हणून जाऊ लागली. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली गाडी. आणि एप्रिल २००९ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या जनरल मोटर्सने पाँटिॲक हा ब्रँडच मोडीत काढला. एलिझाबेथच्या कामगारांनी काही चूक केली नव्हती. निर्णय डेट्रॉइटमध्ये झाला आणि त्यांच्या निम्म्या आशा तिथेच मावळल्या. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्या बनवण्याची सगळी तयारी करून बसलेल्या कारखान्यासमोर गिऱ्हाईकच उरले नाही.

कारखाना नक्की कधी बंद होतो

फोर्डने २३ मे २०१३ ला घोषणा केली. होल्डनने ११ डिसेंबर २०१३ ला, म्हणजे अर्थमंत्री जो हॉकी यांनी संसदेत कंपनीला राहायचे की नाही ते ठरवा असे जाहीर आव्हान दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी. टोयोटाने १० फेब्रुवारी २०१४ ला. नऊ महिन्यांत तिन्ही. कारखाने मात्र त्यानंतर तीन ते चार वर्षे चालले. हे बघून लोकांना वाटते की मधल्या काळात काहीतरी करता आले असते.

तसे होत नाही, आणि या विषयातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगाविशी वाटते. गाडीच्या कारखान्याचे आयुष्य मॉडेलच्या चक्राने चालते. एका मॉडेलला सहा-सात वर्षे मिळतात. त्याच्या अर्ध्यावर पुढच्या मॉडेलचा पैसा मंजूर व्हावा लागतो, कारण डाय आणि चाचण्यांना तेवढा काळ लागतोच. मुख्यालयात एक बैठक होते. तिथे जगभरातले सगळे कारखाने एकाच मॉडेलसाठी हात पुढे करून उभे असतात. ज्याच्या पदरात ते पडले नाही, तो त्या दिवशी संपतो. उरलेली वर्षे चालू मॉडेलच्या डाय वसूल करण्यात जातात. गेटवर कुलूप लागते तेव्हा टीव्हीचे कॅमेरे येतात, पण ती बैठक कुणाला दिसलेली नसते.

म्हणूनच सरकारी मदतीचाही फारसा उपयोग झाला नाही. उत्पादकता आयोगाच्या हिशेबाने १९९७ ते २०१२ या काळात सुमारे ३० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत या उद्योगाला मिळाली, शुल्काचे संरक्षण धरून. गाड्या बनवणारा जवळपास प्रत्येक देश पैसा ओततो; अमेरिकेने २००९ मध्ये जनरल मोटर्सला वाचवलेच की. मदत देणे चूक नव्हते. पण ती दर वेळी चालू मॉडेल जगवायला दिली गेली, पुढच्या मॉडेलला बाहेरचे गिऱ्हाईक मिळवून द्यायला नाही.

तिघे पाठोपाठ का गेले, याचे उत्तर व्हेंडरांकडे आहे. सीट, काचा, ब्रेक, वायरिंग बनवणारे कारखाने तिन्ही कंपन्यांना माल द्यायचे. फोर्ड जाणार म्हटल्यावर त्यांच्या ऑर्डरचा एक लचका तुटला. तेवढाच स्थिर खर्च आता कमी नगांवर, म्हणजे उरलेल्यांसाठी भाग महाग. होल्डन गेल्यावर तर काही व्हेंडरांचे चालणेच कठीण. टोयोटा या तिघांत सगळ्यात सुस्थितीत होती, दोन तृतीयांशांहून अधिक गाड्या निर्यात करत होती, मुख्यतः आखाती देशांत. तरी तिने जाण्याची जी कारणे दिली त्यात महाग चलन आणि मुक्त व्यापार करार यांच्या जोडीला आटत चाललेली पुरवठा साखळीही होती. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एक मोठा कारखाना शिंकला की चाळीस शेडना सर्दी होते.

माणसे आणि गावे

थेट नोकऱ्या गेल्या त्या फोर्डमध्ये सुमारे १,२००, होल्डनमध्ये २,९००, टोयोटात २,५०० च्या वर. व्हेंडर धरून हा आकडा ४० हजारांपर्यंत जाईल असा आयोगाचा अंदाज होता.

कामगारांना तीन वर्षांची पूर्वसूचना मिळाली, भरपाई मिळाली, नवे शिक्षण घ्यायला पैसे मिळाले. हे आपल्याकडच्या अनेक बंद गिरण्यांच्या कामगारांच्या वाट्याला कधी आले नाही, आणि त्याचे मोल मोठे आहे. तरीही ॲडलेडमध्ये मित्सुबिशीतून आधी बाहेर पडलेल्या कामगारांचा अभ्यास झाला तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांनाच पुन्हा पूर्णवेळ नोकरी मिळालेली दिसली. एक तृतीयांश अर्धवेळ किंवा हंगामी कामावर होते, उरलेले कामाबाहेर. पन्नाशीतल्या वेल्डरला संगणकाचा कोर्स करायला सांगणे सोपे असते.

गावागावांत फरक पडला. जिलाँगला मेलबर्न जवळ आहे. राज्य आणि केंद्र सरकारने अपंगांच्या विमा योजनेचे मुख्यालय आणि इतर काही कार्यालये तिथे नेली. डीकिन विद्यापीठाच्या आवारात कार्बन फायबरची चाके बनवणारा कारखाना उभा राहिला. ॲडलेडच्या टॉन्सलीत मित्सुबिशीची प्रचंड शेड पाडली नाही. तिच्या छताखाली फ्लिंडर्स विद्यापीठाचा विभाग, तंत्रशिक्षण संस्था आणि छोट्या कंपन्या आल्या. एलिझाबेथला मात्र हे जड गेले. १९५५ मध्ये ब्रिटनहून येणाऱ्या स्थलांतरितांसाठी वसवलेले ते उपनगर कारखान्याच्या जोरावर वाढले होते आणि तिथे दुसरा आधार फारसा नव्हता. होल्डनच्या जागेत आता उद्योग-वसाहत आहे, पण पूर्वीइतकी माणसे एकाच भोंग्यावर आत जात नाहीत.

एक गोष्ट मात्र टिकली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. फोर्डचा रेंजर पिकअप मेलबर्नच्या इंजिनिअरांनी आखलेला आहे. चाचण्या जिलाँगजवळच्या यू यांग्ज टेकड्यांच्या पायथ्याशी होतात. तो बनतो थायलंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत, आणि २०२३ व २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातली सर्वाधिक खपाची गाडी तोच होता. आराखड्याला डाय लागत नाही, म्हणून तो लहान बाजारातही परवडतो.

मग छोट्या देशांनी गाड्या बनवूच नयेत का?

स्लोव्हाकियाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आत आहे. पुण्याच्या महानगर प्रदेशाहून कमी. तिथे वर्षाला सुमारे १० लाख गाड्या बनतात: ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, झिलिनात किया, त्र्नावात पूर्वीची प्यूजो-सिट्रोएन, नित्रात जग्वार लँड रोव्हर. घरच्या बाजाराचा इथे प्रश्नच येत नाही. दाराबाहेर संपूर्ण युरोपीय संघ आहे, ट्रकने एका दिवसात गाठता येणारा, शुल्काशिवाय. थायलंडने दुसरी वाट धरली. त्याने सगळ्या प्रकारच्या गाड्यांचा हट्ट सोडला आणि एक टन वजन नेणाऱ्या पिकअपवर सगळा जोर लावला. त्या एका प्रकारात तो जगाचा मोठा पुरवठादार झाला. ऑस्ट्रेलिया मात्र भूगोलाने एकटा, आणि त्याचे वेड होते अशा मोठ्या सेडानचे, जी जगात फारसे कुणी घेत नव्हते.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, तो तळेगावमधून. जनरल मोटर्सने एकामागून एक उजव्या स्टिअरिंगचे देश सोडले. २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखाना फक्त निर्यातीसाठी ठेवला. तिथली शेव्हरोले बीट ही छोटी गाडी मेक्सिकोला जायची. पुढचे मॉडेल तळेगावच्या वाट्याला आले नाही आणि डिसेंबर २०२० मध्ये लाइन थांबली. त्याच वर्षी फेब्रुवारीत होल्डन हे नावही कायमचे मिटवले गेले होते. तळेगावच्या कामगारांची कायदेशीर लढाई पुढे बराच काळ चालली. फरक इतकाच की भारत हा मोठा आणि वाढता बाजार असल्यामुळे ती जागा ह्युंदाईने घेतली आणि तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या. एलिझाबेथला असा खरेदीदार मिळणे शक्यच नव्हते. आणि २०२३ पासून चाकणमध्ये बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही७०० ऑस्ट्रेलियात विकली जाऊ लागली.

दक्षिण आफ्रिकेत हे नाट्य सध्या चालू आहे. तिथे वर्षाला ६ लाखांच्या आसपास गाड्या बनतात. १९९५ पासून त्यांनी एक हुशार पद्धत ठेवली: जितकी निर्यात कराल तितकी आयात शुल्कात सवलत. त्यामुळे प्रत्येक कंपनीने तिथे एखाद-दुसरेच मॉडेल भरपूर संख्येने बनवायचे आणि बाकीच्या गाड्या बाहेरून आणायच्या, असे गणित बसले. बटन यांना जे हवे होते तेच, पण सवलतीच्या आमिषाने साधलेले. मात्र आता तिथल्या रस्त्यांवर स्वस्त आयात गाड्या झपाट्याने वाढत आहेत, आणि संख्येने पाहिले तर त्यातल्या सर्वाधिक भारतातून जातात. सुझुकी स्विफ्ट, टोयोटाच्या नावाची पण मुळात बलेनो असलेली स्टार्लेट, ह्युंदाईच्या छोट्या गाड्या. ऑस्ट्रेलियासाठी जे थायलंड होते, ते दक्षिण आफ्रिकेसाठी आता आपण आहोत. त्यात भर म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर जबर शुल्क लावले आणि दक्षिण आफ्रिकेतल्याच ईस्ट लंडन शहरातून जाणाऱ्या मर्सिडीजची वाट अडली.

तिथले कारखाने टिकतील का, हे आजच्या विक्रीच्या आकड्यांवरून कळणार नाही. कोणत्या कारखान्याला पुढचे मॉडेल मिळाले हे पाहावे लागेल. तिथल्या कारीएगा गावात फोक्सवॅगन कंपनी पोलो बनवते, आणि पोलोसारख्या हॅचबॅकचे दिवस सरत चालले आहेत. त्याच कारखान्यात २०२७ पासून, ब्राझीलमध्ये विकसित झालेली एक छोटी एसयूव्ही बनवण्यासाठी कंपनीने ४ अब्ज रँड मंजूर केले आहेत.